मूळ म्हणजे कधीचं? एका जुन्या स्टेअरिंगच्या निमित्ताने

(अकलोली, ता. भिवंडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)



फलकावर विषय वाचून काही जण गोंधळले असतील. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आणि विषय मोटारीचं स्टेअरिंग! मघाशी एकांनी विचारलंसुद्धा, 'सर, गॅरेज काढलंत की काय?' गॅरेज काढलेलं नाही. पण गेलं वर्षभर एका स्टेअरिंगने माझी झोप उडवली आहे, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला आपल्या अकलोलीइतकी चांगली जागा नाही, कारण ती गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. १९६७ चं मॉडेल, फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. डिलाइट आली १९६४ ला. हीच गाडी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून घराघरांत पोचली. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. नव्या पोरांना ते बघून हसू येतं, पण आमच्या पिढीला गाडी म्हटलं की तोच गिअर आठवतो.

दादाने ती १९७८ ला सेकंडहँड घेतली. तो सुताच्या धंद्यात होता. भिवंडी, कल्याण, अंबाडी नाक्यावरून वाडा, सगळीकडे हीच गाडी. पाहुणे आले की वज्रेश्वरीचं दर्शन, मग इथे कुंडावर आंघोळ, मग परत. चाळीस वर्षं त्या एकाच स्टेअरिंगवर एकाच माणसाचे हात. डाव्या हाताच्या अनामिकेत त्याची अंगठी असायची. तो विचारात असला की ती अंगठी स्टेअरिंगच्या कड्यावर घासायची, टक टक वाजायची. कड्यावर त्या जागी एक बारीक खाच पडली होती. इतकी गुळगुळीत, की अंधारातही बोट तिथे बरोबर जाऊन बसायचं.

दादा गेला. गाडी पुतण्याकडे आली. पुतण्या गुणी आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल. त्याने गाडी भंगारात घातली नाही, पैसे घालून उभी केली. आणि शेवटी स्टेअरिंग हातात घेतलं.

आता या स्टेअरिंगचं दुखणं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. जुन्या गाड्यांचं स्टेअरिंग म्हणजे आत लोखंडी सळईचं कडं आणि त्यावर साच्यात ओतलेलं कडक आवरण. काही गाड्यांत ते कडक रबराचं, काहींत सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकचं, नंतर इतर प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं ऊन लागतं, गाडीच्या काचेआड भट्टी पेटते, प्लास्टिकमधली द्रव्यं उडून जातात आणि ते आक्रसतं. आतलं लोखंड मात्र आक्रसत नाही. म्हणजे अंगाला घट्ट होत गेलेला सदरा आणि आतला माणूस तेवढाच! मग शिवण उसवते. बहुतेक वेळा आरे जिथे कड्याला मिळतात तिथेच भेगा पडतात. भेगेतून हाताचा घाम आत जातो, लोखंड गंजतं, गंज फुगतो, भेग आणखी रुंदावते. सेल्युलोज ॲसिटेटच्या काही जुन्या वस्तूंना तर व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. ते प्लास्टिक स्वतःच सडायला लागलेलं असतं.

दादाच्या स्टेअरिंगला अशा चार भेगा होत्या. एका भेगेची कड इतकी धारदार, की पुतण्याचा तळवा एकदा कापला होता.

दुरुस्तीची रीत गॅरेजवाल्या मंडळींना ठाऊक आहे. हॉर्नचं बटण काढायचं, आतला नट सैल करायचा, दांड्यावर आणि स्टेअरिंगवर खूण करून ठेवायची म्हणजे परत बसवताना वाकडं बसत नाही, मग पुलर लावून स्टेअरिंग उपसायचं. भेग जशी आहे तशी भरायची नाही. ती आधी कानशीने किंवा हॅक्सॉ ब्लेडने इंग्रजी 'व्ही'सारखी उघडायची, पार लोखंडापर्यंत. गंज खरवडायचा. मग दोन भागांचं इपॉक्सी कालवून भरायचं, गरजेपेक्षा थोडं जास्तच. ते वाळलं की घासायचं. आधी भरड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाणीपेपर. मागच्या बाजूला बोटांसाठी जे चढ-उतार असतात, ते कानशीने पुन्हा घडवायचे. हे सगळ्यात नाजूक काम. मग प्रायमर. प्रायमर मारला की टाचणीएवढी छिद्रंसुद्धा डोळ्यांत भरतात. ती लांबीने बुजवायची, परत घासायचं, परत प्रायमर. आणि शेवटी रंग, हल्ली हार्डनर घातलेला टू-के रंग. नखाने ओरखडा उठत नाही, पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही.

पुतण्याने हे काम एका हुशार कारागिराकडून करून घेतलं. काम हातात आलं तेव्हा मी थक्क झालो. भेग नावाला दिसेना. शोरूममधून काढल्यासारखं स्टेअरिंग.

मी हात फिरवला. खाच नव्हती.

खाच बुजवलेली होती. कारागिराला ती भेगांसारखीच एक खोट वाटली. त्याचा काय दोष? त्याला सांगितलं होतं, 'ओरिजिनल फिनिश पाहिजे.' कारखान्यातून निघालं तेव्हा स्टेअरिंगवर खाच कुठे होती!

इथून माझ्या विषयाला सुरुवात होते. आज मला ज्याची समीक्षा करायची आहे, तो आहे 'ओरिजिनल फिनिश' हा शब्द. मराठीत आपण 'मूळ झळाळी' म्हणू, 'मूळ रूप' म्हणू. जुन्या गाड्यांच्या जगात हा शब्द देवासारखा पुजला जातो आणि देवासारखाच तपासला जात नाही.

पहिली गोष्ट रंगाची. मूळ रंग कोणता हे पुतण्याने फार कसोशीने शोधलं. हॉर्नच्या बटणाखाली, जिथे पन्नास वर्षं ऊन पोचलं नव्हतं, तिथला रंग त्याने पाहिला. वरचं कडं पिवळट पडलेलं, जुन्या हस्तिदंतासारखं. आतला भाग फिकट, राखाडीकडे झुकणारा. त्याने तो आतला रंग जुळवून घेतला आणि सगळ्या स्टेअरिंगवर मारला. ही रीत शास्त्रशुद्धच आहे, जुन्या वस्तूंचे जाणकार असंच करतात. बटणाखालचा भागही उष्णतेने थोडाफार बदललेला असणार, पण तेवढं सोडून देऊ.

माझा प्रश्न वेगळा आहे. मूळ स्टेअरिंगला रंग मारलेला नव्हताच! ते प्लास्टिक त्याच रंगाचं साच्यात ओतलं होतं. रंग त्याच्या अंगातला होता, वरून लावलेला नव्हता. मग 'मूळ फिनिश परत आणलं' म्हणून आपण जे केलं ते काय? जिथे कधीच रंगाचा थर नव्हता, तिथे थर चढवला.

आपल्या न्याय-वैशेषिक दर्शनात यासाठी दोन नेमके शब्द आहेत. गुण आणि द्रव्य यांचा जो संबंध, तो 'समवाय'. मडक्याचा लाल रंग मडक्यात समवायाने राहतो. तो काढून बाजूला ठेवता येत नाही. दोन वेगळी द्रव्यं एकमेकांना चिकटली, तर तो 'संयोग', आणि संयोग तुटू शकतो. मूळ स्टेअरिंगचा रंग समवायाने होता, नव्याचा रंग संयोगाने आहे. डोळ्यांना छटा तीच दिसते. पण डोळ्याला जे सारखं दिसतं ते एकच असतं, असं कोणत्या दर्शनाने म्हटलं आहे? उद्या दगड लागून टवका उडाला, की खाली प्रायमर दिसेल. जुन्या स्टेअरिंगचा टवका उडाला असता, तर खाली तेच स्टेअरिंग दिसलं असतं. हा फरक फक्त शब्दांचा नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. पिवळेपणा हा दोष धरायचा की नाही? याच दर्शनांत एक जुना वाद आहे, मला तो फार आवडतो. कुंभार काळपट, कच्चं मडकं भट्टीत घालतो, ते लाल होऊन बाहेर येतं. वैशेषिक म्हणतात, आगीने मडक्याचे परमाणू सुटे होतात, सुट्या परमाणूंचा रंग बदलतो, आणि ते पुन्हा जुळून नवीन मडकं तयार होतं. याला म्हणतात पीलुपाक. पीलु म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणतात, छे! भट्टीत डोकावलं तर मडकं दिसत असतंच की. बाहेर काढल्यावर 'हेच ते' अशी ओळखही पटते. म्हणजे अख्खं मडकंच भाजलं जातं आणि त्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाक. पिठर म्हणजे मडकं.

स्टेअरिंगच्या बाबतीत ऊन ही पन्नास वर्षं चाललेली मंद भट्टी होती. नैयायिकाच्या बाजूने पाहिलं, तर पिवळं झालेलं स्टेअरिंग हे तेच स्टेअरिंग आहे आणि पिवळा रंग आता त्याचा स्वतःचा आहे. भाजलेलं मडकं खरवडून त्याचा 'ओरिजिनल' काळपट रंग दाखवायला कुणी जात नाही.

यावर हरकत येईल, आणि ती योग्य आहे. मडकं लाल व्हावं ही कुंभाराची इच्छा होती. स्टेअरिंग पिवळं व्हावं ही कारखान्याची इच्छा नव्हती. कबूल. म्हणजे 'मूळ' या शब्दाच्या पोटात नुसता काळ नाही, हेतूही आहे. कर्त्याला जे अभिप्रेत होतं, ते मूळ. पण मग कर्ता कोण, हे विचारावंच लागतं. स्टेअरिंगचा कर्ता कुर्ल्याचा कारखाना. 'दादाच्या स्टेअरिंगचा' कर्ता कोण?

मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद तुम्हाला माहीत आहे. राजा रथातून आला. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? सगळ्यांना उत्तर 'नाही'. मग रथ कुठे आहे? या सगळ्यांच्या आधाराने चालणारं ते एक नाव आहे. ग्रीकांकडेही असाच एक प्रश्न प्लुटार्कने नोंदवला आहे, थीसियसच्या जहाजाचा. फळी फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? पण नागसेनाची गंमत अशी, की तो रथ नाकारत नाही. राजा रथातून आला हे खरंच आहे. तो इतकंच म्हणतो, की ज्या नावाने तुम्ही हाक मारता, ते कशाच्या आधारावर, हे जरा पाहा. 'ओरिजिनल' हेही असंच नाव आहे. आधार पाहिल्याशिवाय वापरलं, की घोटाळा होतो.

घोटाळा फक्त आमच्या घरात नाही, कायद्यातही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, नोंदणी फी वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला बंदी. अट अशी, की गाडी 'मूळ स्वरूपात' जपलेली असावी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. नियम चांगला आहे, जुन्या गाड्यांना त्याने आधार मिळाला. पण मूळ स्वरूप म्हणजे कोणत्या दिवसाचं? कारखान्याच्या फाटकातून गाडी निघाली त्या दिवसाचं? की पन्नास वर्षं जपली गेली त्या सगळ्या दिवसांचं? 'जपलेली' म्हटलं की काळ आत आला. आणि 'मूळ' म्हटलं की आपण काळ बाहेर काढतो. एकाच वाक्यात दोन्ही.

युरोपात या प्रश्नावर दीडशे-पावणेदोनशे वर्षं भांडण चाललं आहे, इमारतींच्या निमित्ताने. फ्रान्सचा व्हायोले-ल-द्यूक म्हणाला, जीर्णोद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्ण रूपाला नेणं, जे कदाचित कुठल्याच काळी अस्तित्वात नव्हतं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. इंग्लंडचा रस्किन १८४९ मध्ये म्हणाला, अशा जीर्णोद्धारासारखा खोटेपणा दुसरा नाही. मेलेल्याला उठवण्याइतकंच ते अशक्य आहे. १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या आलॉइस रीगलने भांडण जरा शहाणपणाने मांडलं. तो म्हणाला, जुन्या वस्तूत आपण एकच मूल्य शोधत नाही. एक ऐतिहासिक मूल्य, म्हणजे ती त्या काळाबद्दल काय सांगते. एक वयाचं मूल्य, म्हणजे तिच्यावर काळ गेल्याच्या खुणा. एक वापराचं मूल्य. आणि एक नवेपणाचं मूल्य, म्हणजे चकचकीतपणाची आवड. ही मूल्यं एकमेकांना छेद देतात. एक वाढवलं की दुसरं कमी होतं.

आमच्या स्टेअरिंगला हे लावून बघा. पुतण्याने वापराचं मूल्य परत आणलं, हात कापायचा थांबला. नवेपणाचं मूल्य तर भरपूर आणलं. ऐतिहासिक मूल्याचा आभास आणला, आणि वयाचं मूल्य पार पुसून टाकलं. पण 'ओरिजिनल फिनिश' या एका शब्दामुळे त्याला वाटलं की आपण फक्त मिळवलंच, गमावलं काही नाही. माझं शब्दाशी भांडण आहे ते एवढ्यासाठी. तो शब्द हिशेबाची खर्चाची बाजू लपवतो.

डिलाइट ज्या वर्षी आली त्याच वर्षी, १९६४ ला, व्हेनिसमध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची एक सनद तयार झाली. तिच्यातली दोन तत्त्वं गॅरेजच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबवावा. आणि नव्याने भरलेला भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण जाणकाराला वेगळा ओळखू यावा. इटलीत फाटलेल्या भित्तिचित्रांची भर घालताना बारीक उभ्या रेषांनी रंग भरतात. लांबून चित्र पूर्ण दिसतं, जवळ गेलं की भर कुठे घातली ते कळतं. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही अलीकडे ट्यूरिनच्या सनदेत याच धर्तीचं धोरण स्वीकारलं आहे.

आता म्हणाल, हे सगळं परदेशी. आपल्याकडे काय? आपल्याकडे हा प्रश्न गाडीत नाही, गाभाऱ्यात विचारला जातो.

पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांची झीज झाली. कशाने? शतकानुशतकं झालेल्या अभिषेकांनी आणि भक्तांच्या हातांनी, कपाळांनी. २०२० च्या जूनमध्ये, आषाढीच्या आधी, पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली मूर्तीला वज्रलेप झाला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये संवर्धनाची प्रक्रिया झाली. लोकांनी वाद घातले, आणि घालायलाच हवे होते. पण एक गोष्ट पाहा. झीज बुजवून पाय पहिल्या दिवशीसारखे घडवा, असा आग्रह सहसा कुणी धरत नाही. आग्रह असतो तो 'पुढे झिजू नये' असा. ती झीज हीच भक्तीची नोंद आहे, हे वारकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सप्तशृंगीची गोष्ट याच्या उलट आहे. २०२२ मध्ये वणीच्या गडावर मंदिर काही आठवडे बंद ठेवून देवीवरचा शेकडो किलोंचा शेंदराचा थर काढला. आतून मूर्तीचं वेगळं रूप समोर आलं, रेखीव, कोरीव. हे मूळ रूप. पण ज्या आजीने साठ वर्षं त्या शेंदराच्या चेहऱ्यालाच आई म्हटलं, तिच्यासाठी मूळ कोणतं? मी कोणाची बाजू घेत नाही. थर मूर्तीलाच अपाय करत असेल, तर तो काढणं रास्त आहे. मी एवढंच म्हणतो, की दोन 'मूळ' समोरासमोर उभी राहू शकतात, आणि तेव्हा 'मूळ रूप आणलं' हे उत्तर होत नाही. तिथून प्रश्न सुरू होतो.

आपल्या परंपरेची दुसरीही बाजू आहे. खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, विसर्जन करतो, नवी आणतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे दर पिढीने काहीतरी डागडुजी केली, रंग दिला, फरशी घातली. जीर्णोद्धार म्हणजे चालू ठेवणं, असा आपला अर्थ आहे. जिवंत वस्तू वापरात राहते, म्हणून बदलते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी निघते, ती संग्रहालयातली वस्तू म्हणून निघत नाही, सोहळ्यातला मान म्हणून निघते. तिथे चालणं महत्त्वाचं.

पुतण्यानेही मला हेच सुनावलं. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाला, 'काका, तुम्हाला खाच हवी आहे. मला गाडी चालवायची आहे. बाबांनी तरी गाडी जपून कपाटात ठेवली होती का?' बिनतोड! आणि पुढे म्हणाला, 'बाबांच्या हयातीत स्टेअरिंग असं झालं असतं, तर त्यांनीच पहिला रंग मारला असता.' तेही खरं. दादाला चकचकीत गाडी आवडायची. म्हणजे कर्त्याचा हेतू धरायचा, तर दादाचा हेतू पुतण्याच्या बाजूने आहे.

जुनाटपणाच्या वेडाचीही समीक्षा व्हायला हवी. 'पॅटिना' म्हणून गंज, डाग, ओरखडे यांना आता बाजारात भाव आहे. काही ठिकाणी तर नव्या पत्र्यावर खोटा जुनेपणा रंगवून देतात. गरिबाच्या झिजलेल्या वस्तूला आपण जुनी म्हणतो आणि श्रीमंताच्या झिजलेल्या वस्तूला पॅटिना म्हणतो, हा ढोंगीपणा आहे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हे चोचले परवडले नाहीत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. भेग पडली की स्टेअरिंगवर कव्हर चढवायचं, दोरीने आवळायचं आणि भाडं मारायचं. ती स्टेअरिंगं कुठल्या प्रदर्शनात जाणार नाहीत, पण वापर म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग माझं म्हणणं उरतं काय? भेगा भरायलाच हव्या होत्या, याबद्दल वाद नाही. धारदार कडेचं, आतून गंजलेलं स्टेअरिंग धरून गाडी चालवणं हा मूर्खपणा आहे, त्याला मी वयाचं मूल्य म्हणणार नाही. पण भेग आणि खाच या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. भेग वस्तूच्या आतल्या बिघाडाने पडली. ती वाढत जाते, वस्तूला संपवते. खाच वापराने पडली. ती वाढून स्टेअरिंग तुटणार नव्हतं. एक रोग, दुसरा स्वभाव. कारागिराचा पॉलिश पेपर या दोहोंत भेद करू शकत नाही. तो भेद आधी कुणीतरी करून द्यावा लागतो.

तो केला असता तर कामाची रीतच बदलली असती. भेगा उघडल्या असत्या, गंज काढला असता, इपॉक्सीत जुन्या पिवळट छटेचं रंगद्रव्य मिसळून भरलं असतं आणि फक्त भरलेल्या जागाच घासल्या असत्या. बाकी अंगाला हात लावला नसता, साफ करून मेण चोळलं असतं. लांबून अखंड दिसलं असतं, जवळून चार जोड कळले असते. पूर्ण रंगच द्यायचा होता, तर खाच झाकून तेवढी जागा सोडता आली असती. निदान आधीचे फोटो, खाच कुठे आणि किती खोल याची नोंद, एवढं तरी. हे काही महागाचं नव्हतं. फक्त 'मूळ म्हणजे काय' हा प्रश्न पॉलिश पेपर हातात घेण्याआधी विचारायला हवा होता.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला मी पाऊण तास टाळाटाळ केली. तो प्रश्न विचारला गेला होता. पुतण्या काम द्यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. स्टेअरिंग पिशवीत घालून घेऊन आला होता. म्हणाला, 'काका, तुम्ही सांगा, कसं करू?' मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, 'मुळासारखं कर.'

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की शब्द वापरण्याआधी त्याचा आधार पाहा. मिलिंदाचा रथ तर दरवर्षी शिकवला. आणि घरच्या एका वस्तूवर वेळ आली, तेव्हा दोन शब्दांत मोकळा झालो. 'मुळासारखं कर.' त्याने केलं. कारागिरानेही केलं. चुकलं असेल तर ते माझ्या वाक्यात चुकलं.

आता ती खाच परत येणार नाही. इपॉक्सी कोरून तिथे पुन्हा खाच पाडता येईल, पुतण्या तयारही आहे. पण ते मग खोट्या पॅटिनाचंच काम होईल, आणि त्याला मीच नाही म्हटलं. पुतण्या आता रविवारी गाडी काढतो. त्याच्या बोटात अंगठी नाही, पण अंगठ्याने कडं चोळायची त्याला सवय आहे. टू-के रंग कडक असतो, वेळ लागेल.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी वस्तू आहे, मग ती गाडी असो, हातमागाचा धोटा असो की देव्हाऱ्यातला टाक असो, त्यांना एकच विनंती. ती कुणाच्या हाती 'नवी करायला' देण्याआधी एकदा डोळे मिटून तिच्यावर हात फिरवा. हाताला जे लागेल, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते कारागिराला नीट, पूर्ण वाक्यात सांगा. आणि घरातलं कुणी विचारायला आलं, तर पेपर खाली ठेवा.

इतकं बोलून थांबतो.